जपानला पहिल्यांदा जाताना: गावं कमी, मुक्काम जास्त

जपानचं तिकीट काढण्याआधी एक सकाळ पुण्यात घालवा, सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात. ओकायामा शहरातल्या कोराकुएन नावाच्या, तीनशे वर्षांहून जुन्या बागेच्या धर्तीवर ही बाग केली आहे. पुणे आणि ओकायामा यांच्या मैत्रीची ती खूण आहे. आत शिरल्यावर सगळी बाग एका नजरेत दिसत नाही. वाट वळते, एखादं टेकाड आडवं येतं, मग पाणी दिसतं, मग पूल लागतो. जपानी बाग चालता चालता थोडी थोडी उलगडावी अशीच आखलेली असते. पाच मिनिटांत फोटो काढून निघालात तर हिरवळ आणि तळं एवढंच हाती लागतं.

जपानच्या प्रवासालाही हाच नियम लावा. पहिल्यांदा जाणाऱ्यांचे बेत माझ्याकडे पाहायला येतात, तेव्हा आठ दिवसांत सहा शहरं लिहिलेली असतात. रोज सकाळी बॅग भरायची, रोज दुपारी नवं हॉटेल शोधायचं. जपानमधलं जे सुंदर आहे त्यातलं बरंचसं सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाचनंतर दिसतं, आणि नेमका तोच वेळ अशा बेतात स्टेशनवर जातो. म्हणून माझा आग्रह असा: दहा-बारा दिवस काढा आणि मुक्काम चार, फार तर पाच ठिकाणी करा. पुढचं सगळं त्या हिशोबाने लिहिलं आहे.

आधी महिना ठरवा

साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, टोकियो आणि क्योटोत साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात असतो. तो देखणा असतोच, पण पूर्ण फुललेला बहर जेमतेम आठवडाभर टिकतो, पावसाने त्याआधीही गळतो आणि त्या दिवसांत हॉटेलांचे दर चढलेले असतात. शिवाय आपल्याकडे तेव्हा परीक्षा चालू असतात.

मुलांच्या शाळेच्या सुट्टीवर अवलंबून असलेल्या मराठी कुटुंबाला मी मे महिना सुचवते. २९ एप्रिल ते ५ मे हा 'गोल्डन वीक' कटाक्षाने टाळा, कारण त्या आठवड्यात अख्खा जपान सुट्टीवर निघालेला असतो. तो संपला की महिनाअखेरपर्यंतचे दिवस उत्तम. हवा ना गरम ना थंड, आणि मेपलची नवी पालवी इतकी कोवळी हिरवी की क्योटोच्या देवळांचं जुनं लाकूड तिच्यामुळे उजळून निघतं. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांचा पावसाळा, 'त्सुयु', सुरू होतो आणि जुलैच्या मध्यापर्यंत चालतो. त्यानंतरचा ऑगस्ट दमट आणि तापलेला असतो, क्योटोत पारा पस्तीसच्या पुढे जातो, आणि ऑगस्ट-सप्टेंबर हा वादळांचाही काळ आहे.

दिवाळीची सुट्टी हा दुसरा चांगला पर्याय. नोव्हेंबरच्या सुरुवातीला निक्कोसारख्या डोंगराळ भागात पानं लाल झालेली असतात. क्योटोत मात्र खरा रंग नोव्हेंबरच्या उत्तरार्धात चढतो. फुजी पाहणं हाच मुख्य हेतू असेल तर हिवाळा निवडा, कारण डिसेंबर ते फेब्रुवारीत आकाश सर्वांत स्वच्छ असतं. फक्त २९ डिसेंबर ते ३ जानेवारी या दिवसांत बरीच दुकानं आणि संग्रहालयं बंद असतात, एवढं लक्षात ठेवा.

मग मार्ग आखा, आणि तो एकाच दिशेने जाऊ द्या

टोकियोत उतरून टोकियोतूनच परतण्यापेक्षा टोकियोत उतरा आणि ओसाकाजवळच्या कानसाई विमानतळावरून परत या. परतीच्या रेल्वेचा खर्च आणि अर्धा दिवस वाचतो. टोकियोच्या दोन विमानतळांपैकी हानेदा शहराला खेटून आहे, तर नारिता सुमारे साठ किलोमीटर दूर. रात्री उशिरा पोहोचणार असाल तर हा फरक महत्त्वाचा ठरतो.

बारा दिवसांचा माझा साचा असा: टोकियोत चार रात्री, फुजीजवळ हाकोने किंवा कावागुचि तळ्याकाठी एक रात्र, क्योटोत चार, कोयासान या डोंगरावरच्या मठांच्या गावी एक आणि ओसाकात शेवटची एक. राहिलेला दिवस प्रवासात आणि आरामात जातो.

टोकियोत पहिले दोन दिवस उंच इमारतींच्या मागे लागू नका. असाकुसाचं सेन्सोजी मंदिर पहाटे पाहा, दुकानं उघडण्याआधी. तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत गेलात की मात्सुचियामा शोदेन नावाचं छोटं देऊळ लागतं, जिथे परदेशी पर्यटक क्वचितच येतात. इथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपती, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोहोचलेला. मोदकाऐवजी त्याला मुळा वाहतात. देवळातच पांढरे जाडजूड मुळे विकायला असतात आणि भिंतींवर, कंदिलांवर मुळा नि पैशाचा बटवा ही दोन चिन्हं कोरलेली दिसतात. मूर्ती मात्र कायम झाकलेली असते, दर्शनाला ठेवत नाहीत. ते माहीत असलं की तिथे हिरमोड होत नाही. उएनोच्या शिनोबाझु तळ्यातल्या बेंतेनदो या देवळात बेंझाइतेन आहे, म्हणजे सरस्वती. तिच्या हातातली वीणा इथे बिवा नावाचं वाद्य झाली आहे. आपल्याकडच्या माणसाला जपानची संस्कृती अशा दारांतून आत घेते. ती दारं आधी वाचून ठेवा, म्हणजे समोर आल्यावर ओळखता येतील.

फुजीचा दिवस नेहमी राखून ठेवावा लागतो. ३,७७६ मीटर उंचीचा हा डोंगर ढगांत दिवसेंदिवस लपून राहतो. टोकियोतून सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याऐवजी तिथे एक रात्र राहिलात तर दुसऱ्या दिवशी पहाटे तो दिसण्याची शक्यता बरीच वाढते. सकाळी आठच्या आत पाहून घ्या, दुपारी ढग चढतात.

क्योटोला चार रात्री दिल्या तरी त्या पुरत नाहीत. इ. स. ७९४ पासून १८६८ पर्यंत सम्राटाची राजधानी इथे होती. पर्यटक सगळे त्याच सहा-सात जागी गर्दी करतात आणि शहरातल्या बस त्यामुळे तुडुंब असतात. शक्य तिथे बस सोडून लोकल किंवा भुयारी रेल्वे घ्या. फुशिमी इनारीच्या शेंदरी तोरणांची रांग चोवीस तास उघडी आणि विनाशुल्क आहे. सकाळी सहाला जा आणि पायथ्याशी न थांबता वर चढत राहा. अर्ध्या तासानंतर माणसं विरळ होतात, देवराईत आल्यासारखं वाटतं. र्‍योआनजीच्या दगडांच्या बागेत पंधरा दगड आहेत आणि ओटीवर कुठेही बसलात तरी एखादा दगड दुसऱ्याआड जातोच. तिथे उघडायच्या वेळी पोहोचा आणि अर्धा तास नुसते बसा.

सान्जुसांगेन्दो मात्र कुणीही चुकवू नये. १२६६ सालच्या या लांबलचक लाकडी सभागृहात कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, १,००१ मूर्ती ओळीने उभ्या आहेत आणि त्यांच्यापुढे अठ्ठावीस रक्षक देवता. त्यांत ब्रह्मा आहे, इंद्र आहे, गरुड बासरी वाजवतो आहे. मी त्या रांगेपुढून एकदा सरळ चालत गेले आणि मग परत पहिल्यापासून एकेक नाव लावत आले. दुसऱ्या फेरीला तासभर लागला. आत फोटो काढायला मनाई आहे, त्यामुळे लोक खरोखर पाहत असतात.

क्योटोहून एक दिवस नारा. तोदाइजीतल्या पंधरा मीटर उंच बुद्धमूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी इ. स. ७५२ मध्ये बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हातून झाला. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या मंडळींनी त्या धरल्या होत्या, म्हणजे सगळ्यांचाच हात त्या विधीला लागला. मूर्ती पुढे आगी-भूकंपांत मोडली, पुन्हा घडवली गेली, पण गोष्ट तीच आहे. बाहेर हरणं मोकळी फिरतात आणि बिस्किटासाठी मान लववतात. खिशातून डोकावणारा कागद मात्र तीही खातात, तिकिटं आत ठेवा.

दोन दिवस जास्त असतील तर क्योटोहून हिरोशिमाला जा आणि वाटेत ओकायामाला उतरा. शिन-ओसाकाहून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, ओकायामा पाऊण तासावर आहे. पुण्याची बाग पाहून गेला असाल तर मूळ कोराकुएनमध्ये शिरताना पाय आपोआप मंद होतात. इथे बागेच्या कडेला ओकायामाचा काळा किल्ला दिसतो आणि तो जणू बागेचाच भाग वाटावा अशी झाडं राखलेली आहेत. बाहेरचं दृश्य असं 'उसनं' घेण्याला जपानीत शाक्केइ म्हणतात.

ज्यांना चालायला आवडतं त्यांच्यासाठी आणखी एक जागा: मागोमे ते त्सुमागो. क्योटो आणि एदो, म्हणजे आजचं टोकियो, यांना जोडणाऱ्या जुन्या नाकासेन्दो मार्गाचा हा आठ किलोमीटरचा तुकडा. देवदाराची वनं, पाणचक्क्या, दोन्ही टोकांना लाकडी घरांची गावं. सह्याद्रीत फिरणाऱ्याला चढ अगदी सोपा. वाटेत जागोजागी घंटा टांगलेल्या आहेत, अस्वलांना चाहूल लागावी म्हणून. प्रत्येक घंटा वाजवत पुढे जायचं.

व्हिसा आणि आरक्षणं: कोणतं काम आधी

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. आता पर्यटनासाठी तो ई-व्हिसा म्हणून मिळतो. अर्ज जपानच्या व्हिसा केंद्रात द्यायचा, मुंबईत आणि पुण्यातही केंद्र आहे. अर्ज, फोटो, बँकेचे तपशील, आयकर विवरणपत्रं, नोकरीचं पत्र, तिकिटाचं आरक्षण आणि दिवसवार कार्यक्रम ही मुख्य कागदपत्रं. शेवटच्या कागदाकडे लोक दुर्लक्ष करतात. रोज कुठे असाल आणि कुठे झोपाल हे तारखेनिशी लिहा आणि हॉटेलांच्या आरक्षणाशी ते जुळतं ना हे स्वतः तपासा.

एकदाच प्रवेश देणारा हा व्हिसा दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत वापरावा लागतो. म्हणून सहा महिने आधी अर्ज करण्यात अर्थ नाही, साधारण दीड-दोन महिने आधी करा. तोपर्यंत हॉटेलं विनाशुल्क रद्द करता येतील अशीच ठेवा. विमानतळावर व्हिसा मोबाईलवर, इंटरनेट चालू ठेवून दाखवायचा असतो. छापील प्रत, पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. त्यामुळे उतरल्याबरोबर इंटरनेट सुरू होईल अशी सोय घरूनच करून निघा. 'व्हिजिट जपान वेब' या सरकारी संकेतस्थळावर आगमनाची आणि कस्टम्सची माहिती आधी भरून ठेवली की क्यूआर कोड मिळतो आणि रांगेतला वेळ वाचतो.

रेल्वे

'जेआर पास घेतलास का?' हा प्रश्न तुम्हाला दहा जण विचारतील. हा पास म्हणजे ठरावीक दिवस जेआर रेल्वेने कितीही फिरायची मुभा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या पासची किंमत २९,६५० वरून एकदम ५०,००० येन झाली. टोकियो ते क्योटो शिंकान्सेनचं एका बाजूचं तिकीट सुमारे १४,००० येन आहे. जाऊन-येऊन धरलं तरी २८,०००. वर सांगितल्यासारखा एका दिशेचा मार्ग असेल तर पासची गरजच नाही, सुटी तिकिटं काढा. ती प्रवासाच्या एक महिना आधी खुली होतात. (गेल्या एक-दोन वर्षांत शंभर येन म्हणजे साधारण ५५ ते ६० रुपये असा भाव राहिला आहे, हिशोबाला तो धरा.)

टोकियो-ओसाका ही पहिली शिंकान्सेन १ ऑक्टोबर १९६४ रोजी धावली. मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी हेच तंत्र घेतलेलं आहे. क्योटोकडे जाताना उजव्या बाजूची, म्हणजे 'ई' अक्षराची खिडकी मागून घ्या. गाडी सुटल्यावर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी फुजी त्याच बाजूला येतो. बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर भरत असेल तर मोठ्या सामानाची जागा असलेलं आसन आधी राखावं लागतं.

यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे बॅग बरोबर नेऊच नका. जपानमध्ये 'ताक्क्युबिन' नावाची सामान पोहोचवायची सेवा आहे. हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, पुढच्या हॉटेलचा पत्ता लिहायचा, बहुतेकदा दुसऱ्या दिवशी ती तिथे पोहोचलेली असते. क्योटोहून मोठी बॅग थेट ओसाकाच्या हॉटेलात पाठवा आणि एका रात्रीचे कपडे पाठीवर घेऊन कोयासानला चढा. आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी तर हा खर्च नक्की करावा, कारण स्टेशनांवर लिफ्ट असते पण ती शोधत बरंच चालावं लागतं.

शहरातल्या रेल्वे-बससाठी सुइका किंवा तत्सम कार्ड घ्या. पैसे भरायचे, फाटकावर टेकवायचं, बस्स. तेच कार्ड कोपऱ्यावरच्या दुकानातही चालतं. तरी रोख जवळ हवीच. देवळांची प्रवेशफी, छोटी खानावळ, मुळ्याचा नैवेद्य, सगळं रोखीत. सेव्हन-इलेव्हन दुकानातल्या एटीएममधून परदेशी कार्डावर पैसे निघतात. टिप देऊ नका, द्यायची पद्धतच नाही.

जेवण, विशेषतः शाकाहाऱ्यांचं

जपानमध्ये शाकाहाऱ्याची खरी अडचण दिसणाऱ्या मांसाची नसते, न दिसणाऱ्या 'दाशी'ची असते. दाशी म्हणजे त्यांच्या स्वयंपाकाचं मूळ पाणी, बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून केलेलं. सूप, सोबा नूडल्सबरोबरचा रस, उकडलेली भाजी, अंड्याची पोळी, सगळ्यांत ते असतं. 'मांस नाही ना?' असं विचारलं की समोरचा प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो आणि ताटात दाशी येते. म्हणून 'निकु तो साकाना वा ताबेमासेन', म्हणजे मांस आणि मासे खात नाही, एवढ्यावर थांबू नका. 'कात्सुओ नो दाशी मो', म्हणजे माशाचं पाणीसुद्धा, हेही जोडा. हे सगळं जपानी लिपीत एका कार्डावर छापून घ्या आणि जिथे बसाल तिथे आधी ते दाखवा. जपानी करीच्या तयार मसाल्यातही अनेकदा प्राण्याची चरबी असते, नावाला भुलू नका.

काय खाता येतं? क्योटोत तोफू आणि युबा, म्हणजे सोयाच्या दुधावरची साय, यांचे खास पदार्थ मिळतात, तिथेही दाशी विचारून घ्या. मोठ्या शहरांत भारतीय जेवणाची ठिकाणं भरपूर आहेत. टोकियोच्या एदोगावा भागातल्या निशि-कासाइला तर भारतीय वस्तीच आहे. आणि रोजच्या भुकेला कोनबिनी, म्हणजे कोपऱ्यावरचं चोवीस तास उघडं दुकान. तिथे वाफवलेला साधा भात पाकिटात मिळतो, मायक्रोवेव्हमध्ये गरम करून घेता येतो. तो आपल्या आंबेमोहरासारखा मऊ, थोडा चिकट असतो. घरून मेतकूट आणि तुपाची छोटी बाटली नेली असेल तर त्या भातावर काय होतं ते वेगळं सांगायला नको. मी दोन प्रवासांत कित्येक रात्री तेवढ्यावर समाधानाने झोपले आहे. चिवडा, लाडू, शेंगदाण्याची चटणी न्या. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, आणि कोणत्याही रूपातलं मांस मात्र नेऊ नका, त्यावर कडक निर्बंध आहेत.

मासे खाणाऱ्यांची मात्र मजा आहे. 'साबा शिओयाकी' मागवा. साबा हा आपल्या बांगड्याच्या जातकुळीतला मासा, नुसतं मीठ लावून भाजलेला, बरोबर भात, मिसो सूप आणि लोणचं. मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसाला पहिल्या घासाला घर आठवेल.

कोयासानची एक रात्र

सगळ्या प्रवासातली एकच गोष्ट ठेवायची असं कुणी म्हटलं तर मी ही रात्र ठेवेन. कुकाइ या भिक्षूने नवव्या शतकाच्या सुरुवातीला सुमारे आठशे मीटर उंचीवर वसवलेलं हे मठांचं गाव आहे. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनहून नान्काइ रेल्वेने गोकुराकुबाशीपर्यंत, पुढे केबल कार, मग बस, असा दोन तासांच्या आसपास प्रवास. पन्नासएक मठांत पाहुण्यांची राहायची सोय आहे, तिला 'शुकुबो' म्हणतात.

तिथलं जेवण 'शोजिन र्‍योरी', भिक्षूंचं जेवण. मांस नाही, मासे नाहीत, माशाची दाशी नाही, कांदा-लसूणही नाही. तिळाचा तोफू, गोठवून सुकवलेला कोया-तोफू, रानभाज्या, भात. दहा दिवस कार्ड दाखवत फिरलेला शाकाहारी माणूस इथे काहीच न विचारता जेवायला बसतो. जेवण संध्याकाळी साडेपाच-सहाला वाढतात, पाचच्या आत पोहोचाच.

पहाटे सहाच्या सुमाराला मठात प्रार्थना असते, पाहुण्यांनी बसलेलं चालतं. काही मठांत त्यानंतर अग्नीत समिधा टाकत मंत्र म्हणतात. त्या विधीचं नाव 'गोमा'. हा शब्द आपला 'होम'च आहे, बाराशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेला. न्याहारीनंतर ओकुनोइनला चाला. उंच देवदारांमधून दोन किलोमीटरची वाट आणि दोन्ही बाजूंना दोन लाखांहून जास्त समाध्या, शेवाळाने मढलेल्या. दगडांवरची अक्षरं नीट पाहा. त्यांतली अनेक चिनी नाहीत, सिद्धम् लिपीतली संस्कृत बीजाक्षरं आहेत. देवनागरीसारखीच तीही ब्राह्मीतून आलेली. 'अ' ओळखायला फार वेळ लागत नाही.

घरात, देवळात, न्हाणीत

चपला बाहेर काढायच्या ही गोष्ट आपल्याला शिकवावी लागत नाही. नवं एवढंच: घरातल्या सपाता तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या खोलीबाहेर काढायच्या आणि शौचालयातल्या सपाता तिथेच ठेवायच्या. युकाता, म्हणजे मुक्कामात मिळणारा सुती झगा, नेसताना डावी बाजू उजवीवर घ्या. उलटं फक्त मृताला नेसवतात, त्यामुळे तसं दिसलं की लोक चपापतात.

ओन्सेन, गरम पाण्याचे झरे, हा आपल्या लोकांना अवघड जाणारा भाग आहे. स्त्रिया आणि पुरुष वेगळे असतात, पण आत कपडे घालून जात नाहीत, पोहण्याचा पोशाखही चालत नाही. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंग धुवायचं, साबण पूर्ण काढायचा, मगच पाण्यात उतरायचं. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. तिथे कुणी कुणाकडे पाहत नाही, दोन मिनिटांत संकोच जातो. तरी जमत नसेल तर खोलीतच खाजगी कुंड असलेला र्‍योकान (पारंपरिक जपानी निवास) शोधा, महाग असतो पण मिळतो. र्‍योकानला जेवणाचं पथ्य आरक्षण करतानाच कळवा. दारात उभं राहून सांगितलं तर त्यांना काही करता येत नाही आणि त्यांनाच जास्त वाईट वाटतं.

शिंतो देवस्थानात दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध देवळात टाळ्या नाहीत, नुसते हात जोडायचे. दानपेटीत पाच येनचं भोकाचं नाणं टाकतात, कारण 'गो-एन' या उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध. देवळांत 'गोशुइनचो' नावाची वही विकत मिळते. प्रत्येक ठिकाणी काही नाणी देऊन तिच्यात लाल शिक्का आणि समोर बसून कुंचल्याने लिहिलेलं त्या देवळाचं नाव मिळतं. मुलांबरोबर जात असाल तर पहिल्याच देवळात वही घ्या.

गाडीत फोनवर बोलू नका आणि आवाज बंद ठेवा. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ नसतात, पिशवीत घालून कचरा हॉटेलात आणा. क्योटोच्या गिओन भागात काही खाजगी गल्ल्यांत पर्यटकांना बंदी आहे, फलकावर दहा हजार येन दंड लिहिलेला असतो. रस्त्यात मायको, म्हणजे शिकाऊ गेइशा, दिसली तर ती कामाला निघालेली असते, तिच्यामागे कॅमेरा घेऊन जाऊ नका.

बॅगेत

सहज काढता-घालता येणारे चालायचे बूट, कारण दिवसाला पंधरा हजार पावलं सहज होतात. हातरुमाल, कारण बऱ्याच स्वच्छतागृहांत हात पुसायला काही नसतं. नाण्यांचा बटवा. दोन चपट्या पिनांचा प्लग. वीज १०० व्होल्टची आहे, मोबाईलचे चार्जर चालतात पण घरून नेलेली किटली नीट चालणार नाही. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, महिनाभराच्या आत पुरतील एवढीच. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांत स्यूडोएफेड्रिन किंवा कोडीन असतं आणि त्यांवर जपानमध्ये कडक नियम आहेत, म्हणून पाकिटावरची नावं वाचूनच ती भरा. भूकंपाचा इशारा मोबाईलवर मोठ्या आवाजात वाजतो. तो वाजला तर आजूबाजूचे लोक करतील तसं करा. रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी ११९, पोलिसांसाठी ११०.

आणि आजपासून रोज पाच अक्षरं

व्हिसाची वाट पाहायच्या दिवसांत काताकाना लिपी शिका. परदेशी शब्द, नावं आणि बरीचशी मेनूकार्डं तिच्यात असतात. मूळ अक्षरं ४६, आणि त्यांचा क्रम असा: अ इ उ ए ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचा वाटतो ना? सिद्धम् शिकणाऱ्या जपानी भिक्षूंमुळे त्यांच्या अक्षरमालेला आपल्या वर्णमालेचा क्रम मिळाला. इंग्रजीतून शिकणाऱ्याला तो पाठ करावा लागतो, आपल्याला नुसता आठवावा लागतो. रोज पाच अक्षरं म्हटली तर दहा दिवसांत होतात. दीर्घ उच्चारासाठी अक्षरापुढे आडवी रेघ येते. विमानतळावर उतरून पहिल्या उपाहारगृहाच्या पाटीवर को, रेघ, ही, रेघ असं लावून वाचाल, 'कोऽहीऽ', आणि आतून खरोखरच कॉफीचा वास येत असेल.